मर्यादेबाहेरची लिफ्ट

इथे आखातात, दार्सैतमधल्या आमच्या इमारतीची लिफ्ट २०१४ साली बंद पडली, आणि रहिवासी समितीचा चिटणीस या नात्याने मी, बाळकृष्ण, तातडीने बैठक बोलावली. नवी मोटर बसवायची तर मासिक वर्गणी दीडपट करणं भाग होतं. पण दहा टक्क्यांवरच्या वाढीला अर्बाबची, म्हणजे इमारतीच्या मालकाची, मंजुरी लागते. वर्गणी फार वाढली की भाडं वाढवायला जागा उरत नाही, असा त्यामागचा थोर विचार.

घाई होती ती चौथ्या मजल्यावरच्या अमीरुन्निसा चाचींना. सीब गावी राहणाऱ्या त्यांच्या लेकीला, नसीबाला, मुलगी झालेली. शुक्रवारी बाळाचा अकीका, म्हणजे नाव ठेवायचा समारंभ. आणि जिना म्हटलं की चाचींचे गुडघे संपावर.

"बाळकृष्णा, मला नातीचं तोंड बघायचंय रे! तुझे कागद मागाहून रंगव."

"चाची, प्रस्ताव योग्य मार्गाने गेलाय," मी म्हणालो.

योग्य मार्ग अर्बाबच्या ऑफिसात मॅनेजर रमणच्या टेबलावर संपत होता. त्याने चष्मा वर सरकवला.

"लिफ्ट का यूज कितना है?"

"बंद है ना. झिरो."

"झिरो यूज के लिए इतना इन्क्रीज?" आणि त्याने शेरा मारला, 'गरज सिद्ध होत नाही.'

मग काटकसरीचा पुरावा मागितला. लिफ्ट बंद असल्याने विजेचं बिल उतरलेलंच होतं, ते अभिमानाने दाखवलं. त्याने समितीचं अभिनंदन केलं आणि बचत अशीच चालू ठेवायला सांगितलं. पुढे अडचणीचा पुरावा. ज्या रहिवाशाला जिना उतरता येत नाही, त्याने स्वतः खाली ऑफिसात येऊन तसं सांगायचं. चाची आल्या नाहीत. 'गैरहजर' अशी नोंद झाली. त्यावर चाचींनी खिडकीतून मला जी विशेषणं लावली, ती इतिवृत्तात घेतलेली नाहीत.

उरली सल्लामसलत. दोनतृतीयांश रहिवाशांचा होकार हवा. मी सगळे मजले चढलो. दारोदार एकच उत्तर, "इन्शाल्ला." आता याचा अर्थ 'हो' असाही होतो आणि 'निघा आता' असाही. समितीने रीतसर वर्गवारी केली. चहा पाजून म्हटलेलं इन्शाल्ला म्हणजे होकार. दार लावता लावता म्हटलेलं म्हणजे तत्त्वतः होकार. रमणने तत्त्वतःवाले सगळे छाटले.

शुक्रवार उजाडला. नसीबाने काय करावं? अख्खा अकीकाच उचलून चौथ्या मजल्यावर आणला. पाहुणे, बिर्याणीचं पातेलं, बाळ, सगळं जिन्याने, धापा टाकत. चाचींनी नातीला कुशीत घेतलं आणि अशा हसल्या की माझे डोळे भरून आले. समितीच्या वतीने नव्हे, माझे स्वतःचे. रमणलाही मी मुद्दाम बोलावलं होतं, जिना कळावा म्हणून. तो घामाघूम होऊन वर आला, दोनदा बिर्याणी घेतली आणि म्हणाला, "देखो, इतना लोग आराम से ऊपर आया. लिफ्ट किसको चाहिए?"

पाहुण्यांनी माना हलवल्या. तोंडात घास होते बिचाऱ्यांच्या.

संध्याकाळी नसीबा बाळाला घेऊन निघाली. चाची जिन्याच्या तोंडाशी उभ्या. "नात खाली गेली रे," त्या म्हणाल्या. "आता आजी कधी उतरायची, ते सांग!"

मी धावत जाऊन रमणला जिन्यातच गाठलं. त्याच्या हातात बिर्याणीचं पार्सल होतं, म्हणून असेल, पण गडी पाघळला. "थोडा कन्सेंट कम है, ले आओ. बिल्डिंग का ही आदमी चाहिए, ऐसा रूल नहीं. जिसको पूरा समझाया और जिसने ना नहीं बोला, चलेगा."

तेव्हा वाचकहो, सगळं प्रकरण आपल्याला इथवर समजावून झालेलं आहे. आपण मधे एकदाही हरकत घेतली नाहीत. उलट दोनचार ठिकाणी हसलात. आपलं नाव होकारात धरलं आहे. चाचींनाही सांगून टाकलंय, लिफ्ट आता वाचकांच्याच जिवावर.

वर्गणी घ्यायला कधी येऊ?