तीन खिडक्या, एक फोल्डर

हेडक्लार्कसाहेबांनी बायकोला मदत करायचं ठरवलं. (त्यांच्या घरातली बरीचशी संकटं अशीच सुरू झालेली आहेत.) बायको मुलांच्या पुस्तकांसाठी चित्रं काढायची. वर्षभर खपून काढलेली चित्रं क्लाउडवर, म्हणजे दूरच्या कुठल्याशा कंपनीच्या कॉम्प्युटरवर होती आणि उद्या ती तिथूनच प्रकाशकाकडे जायची होती. पण ब्राउझरमध्ये त्यांना क्रमानं नावं देताना दर वेळी काम मध्येच अडकत होतं.

"अगं, त्यासाठी वेगळे प्रोग्रॅम मिळतात. मी तुलना करून सांगतो ना."

"अहो, राहू द्या!"

पण ऑफिसात टेंडरांची तुलना करण्यात ज्याची हयात गेली, तो थोडाच ऐकणार! साहेबांनी तीन प्रोग्रॅम टाकले. पहिल्यात बटणांची नुसती जत्रा. दुसरा घडोघडी पासवर्ड मागणारा, सासऱ्यांइतकाच संशयी. तिसरा मात्र गुणी. क्लाउड घरच्याच ड्राइव्हसारखा समोर मांडायचा. चित्रांचं फोल्डर तिघांतही दिसलं आणि साहेबांचा काटकसरी जीव कळवळला. एकेका चित्राच्या तीन-तीन प्रती! कॉम्प्युटर भरून जाईल की! त्यांनी पहिल्यातलं फोल्डर बिनधास्त उडवलं.

मग दुसऱ्यातलं उडवायला गेले, तर ते आधीच गायब. "वा, कामसू आहे हो!" म्हणत त्यांनी तिसरा उघडला. तोही रिकामा.

साहेबांच्या पायाखालची जमीन सरकली. फोल्डर एकच होतं आणि हे त्याच्याकडे तीन खिडक्यांतून बघत होते. 'कायमचं पुसायचं का?' असं पहिल्या प्रोग्रॅमनं विचारलंही होतं आणि यांनी ऑफिसातल्या सवयीनं न वाचताच मंजुरी दिली होती.

ते कसेबसे स्वयंपाकघराच्या दारापर्यंत पोचले. "अगं... तुझी चित्रं... मी पुसली. सगळी."

बायकोनं हात पुसले, कपाटातल्या चादरींखालून एक हार्ड डिस्क काढली आणि त्यांना दाखवली. "सगळी आहेत यात, कालचीसुद्धा. लांबूनच बघा."

साहेबांचे डोळे भरून आले. ही बाई आपल्या वाट्याला आली, हे आपलं केवढं भाग्य! "तू आहेस म्हणून वाचलो गं! तुझे उपकार कसे फेडू? पण वेगळी कॉपी ठेवायचं तुला सुचलं तरी कधी?"

"तुम्ही आपला नळ दुरुस्त केलात आणि खालच्या मजल्यावरचे लोक छत्र्या घेऊन वर आले ना," बायको म्हणाली, "त्याच संध्याकाळी."