तिसऱ्या बाकावरचं बोट

आमच्या चिखलीच्या चर्चमध्ये उपदेश करताना पाळकसाहेब दर चार वाक्यांनी तिसऱ्या बाकाकडे बघतात. तिथे शमुवेलकाका बसतात. त्यांच्या उजव्या हाताचं बोट मांडीवर असेल तर साहेब पुढे सरकतात. बोट वर आलं की साहेबांचा आवाज खाली येतो, कारण पुढचं वाक्य आम्हा सगळ्यांना पाठ आहे. "साहेब, हे कोठी लिहेल हाय?"

मी या मंडळीचा, म्हणजे चर्चच्या सभासदांचा, सचिव. सूचना वाचणं, सतरंज्या उचलणं आणि काकांनी दुखावलेल्यांची समजूत काढणं, ही माझी तीन कामं. त्यातलं तिसरं कधी संपत नाही.

काकांनी जन्मभर जिनिंगवर कापसाची प्रत ठरवली. गाडी आली की वरच्या पांढऱ्याशुभ्र थराकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. कोपरापर्यंत हात आत खुपसायचा, तळातला मूठभर कापूस बाहेर काढायचा, चिमटीत धरून धागा ओढायचा आणि मगच तोंड उघडायचं. "वरून सगळाच चांगला दिसते. आतला दाखव." निवृत्त झाल्यावर हाताला काम उरलं नाही, म्हणून तो हात त्यांनी आमच्या रीतिरिवाजांत खुपसला!

एकदा नाताळच्या नाटकाची तालीम चालू होती. बाळ येशूसाठी भेटी घेऊन पूर्वेकडून आलेले तीन ज्ञानी पुरुष पुठ्ठ्याचे मुकुट घालून उभे राहिले, आणि बोट वर आलं. "तीन कोठी लिहेल हाय? भेटी तीन लिहेल हायेत. माणसं किती, ते नाही लिहेल." साहेबांनी वैतागून सगळं नाटकच काकांच्या गळ्यात टाकलं. झालं! काकांनी पहिल्या दिवशी गाढव काढून टाकलं, कारण मरिया गाढवावर बसून आली असं कुठेच नाही. गाढवाचे पुढचे आणि मागचे पाय झालेल्या दोन पोरी रडायला लागल्या, तेव्हा काकांनी त्यांनाही ज्ञानी करून टाकलं. मग सगळ्यांनाच ज्ञानी व्हायचं होतं. त्या नाताळला आमच्याकडे अकरा ज्ञानी आले, तेही गोठ्यात नाही तर घरात, कारण शास्त्रात, म्हणजे बायबलमध्ये, घर आहे. त्या घरासाठी माझ्या बैठकीचे पडदे गेले ते गेलेच.

मंडळीच्या वर्धापनदिनाला आम्ही पाहुण्यांसाठी पुढे सोफा मांडला होता. काकांनी याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय काढला. श्रीमंताला चांगली जागा आणि गरिबाला पायाशी, हे तिथे साफ मना केलंय. मी वाद घालेपर्यंत त्यांनी बाजारात भाजी विकणाऱ्या आमच्या कौसाबाईला हाताला धरून सोफ्यावर बसवलंसुद्धा. बाई बिचारी घामाघूम. पाहुणे सतरंजीवर मांडी घालून बसले आणि मी भिंतीला टेकून देवाचा धावा करत राहिलो.

पण माणूस खरा. ढोलकीला त्यांनी कित्येक वर्षं विरोध केला. शेवटी माझ्या बायकोने स्तोत्रसंहितेतला डफ त्यांच्या नाकासमोर धरला. आठवडाभर काका शास्त्र चाळत बसले. पुढच्या रविवारी उभे राहिले आणि भर मंडळीत म्हणाले, "मी चुकलो. डफ हाय. त्याले कातडं असते, ढोलकीलेही असते. वाजवा." आणि स्वतःच वाजवायला बसले. ते कधीच तालात वाजवत नाहीत, पण त्याविरुद्ध वचन नाही, म्हणून कोणाला बोलता येत नाही.

असा हा माणूस गेल्या फेब्रुवारीत पंच कमिटीच्या सभेत उभा राहिला, तेव्हा आम्ही घड्याळं बघितली. काकांच्या हातात मंडळीचं जुनं नियमांचं पुस्तक होतं. "नियम सातवा. मंडळीबाहेर लग्न करील त्याचं नाव मंडळीपुढं वाचून यादीतून काढावं आन त्याले प्रभुभोजन देऊ नये. कोठी लिहेल हाय?"

प्रभुभोजन म्हणजे येशूच्या आठवणीत सगळ्यांनी मिळून घ्यायचा भाकरीचा तुकडा आणि द्राक्षरसाचा घोट. आमच्यासाठी त्याहून मोठं काही नाही.

सगळ्यात वयस्कर पंच म्हणाले, "शमुवेल, काऊन उकरतं बे जुनं? हा नियम आणला कोण, हे तरी मालूम हाय का तुले?"

"हाव. मीच आणला."

 मला वाटलं होतं, काकांचं सगळं मला माहीत आहे.

काका चोवीस वर्षांचे असताना माझ्याच जागी सचिव होते. नवा सचिव, नवा उत्साह. त्याच सुमारास त्यांच्या धाकट्या बहिणीने, मार्थाने, जवळच्या धाड गावच्या एका बौद्ध मास्तरांशी लग्न केलं. लोक काय म्हणतील या भीतीने काकांनीच नियम मांडला आणि पुढच्या रविवारी पुढे उभं राहून बहिणीचं नाव स्वतः वाचलं. ती बायकांच्या बाजूला आईशेजारी बसली होती. ती उठून बाहेर गेली.

"आईले वाचता येत नव्हतं," काका सांगत होते. "घरी येऊन तिनं शास्त्र माह्यापुढं ठेवलं. म्हणे, कोणत्या पानावर हाय ते बोट ठेवून दाखव. मी आठ दिवस शोधलं. विश्वास नसलेल्यायसंगं विजोड जुवाखाली जाऊ नका, हे सापडलं. ते हाय, मी नाही म्हणत नाही. पण बहिणीले ताटावरून उठवा, हे काही सापडलं नाही. आन तसं उठून सांगाची माही हिंमत झाली नाही. मास्तर तर सोन्यासारखा माणूस. गेल्या साली वारला. आता मार्था पोराकडं नागपूरले चालली. परवा फोन केला तिनं. म्हणे, दादा, जायाच्या आधी आईच्या मंडळीत एकदा प्रभुभोजन घेता येईल का? मी म्हणलं, विचारतो."

त्या "विचारतो"पाशी त्यांचा आवाज फुटला. 

वयस्कर पंच मात्र हलले नाहीत. "उद्या साऱ्याच पोरी असं करतीन, मंग?"

काकांनी करिंथकरांचं पहिलं पत्र उघडलं आणि अकराव्या अध्यायावर बोट ठेवलं. "इथं लिहेल हाय, माणसानं स्वतःले तपासावं आन मंग खावं. स्वतःले. बहिणीले तपासा, असं असन तर दाखवा न मले. मी आत्ता खाली बसतो."

शास्त्र सात जणांच्या हातांतून फिरलं. शेवटी ते वयस्कर पंचांकडे पोचलं. त्यांनी चष्मा पुसला, दोनदा वाचलं, आणि पहिला हात त्यांनीच वर केला. मग भराभर सातही वर! मी तिथल्या तिथे ठराव लिहून सगळ्यांच्या सह्या घेतल्या.

मार्थाआत्या रविवारी सकाळच्या एसटीने आल्या. बारीक चणीच्या, पांढऱ्या साडीत. बायकांच्या बाजूला अगदी शेवटी बसल्या. त्यांचं नाव परत वाचायचं काम माझं होतं. ते मी इतक्या मोठ्याने वाचलं की माईक शिट्टी वाजवायला लागला.

प्रभुभोजन सुरू झालं. चालता येत नाही त्यांच्यापर्यंत ताट नेण्याचं काम मी करतो. आत्या पुढे आल्या नाहीत, जागेवरच थिजून बसल्या होत्या, म्हणून मी ताट घेऊन त्यांच्याकडे गेलो. बघतो तर काका आधीच तिथे, बाकाला धरून उभे. आत्यांनी तुकडा हातात घेतला आणि थांबल्या.

"दादा, तू घेतलं?"

काकांनी नकारार्थी मान हलवली. ते प्रभुभोजन घेत नाहीत हे आम्हाला माहीत होतं. आमचे प्लास्टिकचे छोटे पेले त्यांना पटत नसतील, असं आम्ही धरून चाललो होतो आणि त्यावरून हसायचोही.

"कवापासून?"

"तुह्यं नाव वाचलं तवापासून."

 आत्यांनी आपल्या हातातला तुकडा मोडला आणि अर्धा काकांच्या तळहातावर ठेवला.

"खाय आता," त्या म्हणाल्या. "आईनं दोघायलेही बोलावलं असतं."