मारोतदाजींची बिनवकिली सोडचिठ्ठी

आमचे शिरड शहापूरचे शेजारी मारोतदाजी. यांनी एकदा स्वतःची दाढ स्वतःच पकडीनं उपटली. रक्त थांबल्यावर कळलं की दुखरी दाढ जागेवरच आहे, गेली ती चांगली. मग त्यांनी दुखरीही उपटली. डॉक्टरकडं जा म्हटलं की उत्तर ठरलेलं, "त्याला दुसरं माणूस कशाला लागतं?"

केसही आरशात बघून स्वतःच कापणार. मागून डोकं म्हणजे ढोरांनी अर्धवट चरलेलं सोयाबीन. शेतातल्या आखाड्याचे, म्हणजे राखणीच्या खोपीचे, पत्रेही त्यांनी एकट्यानं ठोकले. त्यांची बायको कमलअक्का माझी मानलेली बहीण, म्हणून ते माझे दाजी. नाहीतर असल्या माणसाशी मी कशाला नातं सांगते?

मागच्या साली हळद शिजायच्या दिवसांत दाजींनी अक्काच्या माहेरचा मिक्सर दुरुस्तीला घेतला. चालू केला तर लसणाची चटणी थेट आढ्याला. अक्का म्हणाली, "मिक्सर खोलला तसं आपलं लगीन बी खोलून टाका एकदाचं." दाजींनी ते मनावर घेतलं. सोडचिठ्ठी घ्यायची, दोघांच्या मर्जीनं आणि बिनवकिलाची. "लगीन काय वकिलानं लावलं व्हतं?" अक्काही काही कमी हट्टी नाही. ती म्हणाली, घ्या.

तरी सल्ला लागतोच. माझा धाकटा भाऊ विलास हिंगोलीला वकील, रविवारी गावी येतो. दाजी त्याला लावणार नव्हते, नुसतं विचारणार होते. विलासनं समजावलं की दोघं राजी असतील तर अर्ज स्वतः करता येतो, पण सही करण्याआधी जाणत्याला दाखवावा. त्याआधी वर्षभर वेगळं राहावं लागतं. मधेच पुन्हा एकत्र नांदायला लागलात तर वर्ष मोडलं, पहिल्यापासून सुरुवात.

दाजी बाज घेऊन आखाड्यावर गेले आणि दर रविवारी माझ्या ओसरीवर हजर. अक्काच्या हातची भाकर खाल्ली तर वर्ष मोडतं का? नाही मोडत. तिला ताप आला म्हणून बघायला गेलो तर? तरी नाही. तिकडून अक्का मला भिंतीवरून विचारायची, त्यांचं धुणं धुतलं तर कोर्टाला चालतं का. विलासचा चहा दर वेळी गार. असा घटस्फोट कुणी घेतला असेल तर माझ्या नावाचं कुत्रं पाळा.

तुळशीचं लग्न झालं आणि दाजींच्या पुतणीचं लग्न निघालं. तिला आईबाप नाहीत, म्हणून कन्यादानाला हेच दोघं पाटावर. अक्काच्या पदराची अन् दाजींच्या उपरण्याची गाठ बांधली, तशी त्यांनी मांडवातूनच विलासला फोन लावला. "गाठ बांधली बघ. आता तरी मोडलं आसंल की." विलास वैतागून नाही म्हणाला. दाजींचं तोंड एवढंसं झालं.

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. अगं बाई, हा माणूस तर वर्ष मोडायची वाट शोधून राहिला. सरळ घरी यायचं तर तोंडानं म्हणावं लागतं, आणि तेवढं एक यांना येत नाही.

पुन्हा हळद शिजायला लागली. वर्ष भरत आलं. विलास म्हणाला, आता अर्ज लिहून आणा, बघून देतो. त्या रविवारी दाजींनी काहीच विचारलं नाही.

सोमवारी सकाळी दाजी डोक्यावर बाज घेऊन अक्काच्या दारात. म्हणाले, आखाडा गळून राहिला. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता.

"पत्रे तं तुमीच ठोकले व्हते," उंबऱ्यातून अक्का म्हणाली.

"व्हय. न्हाई जमलं मला."

अक्का बाजूला झाली. पण बाज दारातच अडकली. दाजींनी ती आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली. मग खाली बघत म्हणाले, "तिकडून धरतीस का? एकट्याला न्हाई व्हत."

अक्कानं पदर खोचला आणि दुसरं टोक धरलं.