शिवानंद विहारचा तत्त्वतः पाठिंबा

एखादी वसाहत किती सुसंस्कृत आहे, हे तिने आजवर काय काय होऊ दिलेले नाही यावरून ठरते. या कसोटीवर लातूर शहरातील आमची शिवानंद विहार कॉलनी मराठवाड्यात पहिल्या पाचांत बसावी. (पुण्याशी आम्ही तुलना करत नाही. त्यांना सुरुवात लवकर करता आली.)

गेल्या एकोणीस वर्षांत आम्ही पुढील कामे यशस्वीरीत्या रोखली: सार्वजनिक शौचालय (वास येईल म्हणून), भाजी मंडई (वर्दळ), अंगणवाडी (लहान मुले), सिटी बसचा थांबा (थांबणारे लोक) आणि पाण्याची टाकी. टाकीची सावली घरावर पडली तर काय होते हे कोणालाच माहीत नव्हते, त्यामुळे सगळ्यांनाच भीती वाटली. आता आमच्याकडे पाणी आठ दिवसांनी येते आणि त्याबद्दल आमचे कडक निवेदन गेलेले आहे. मात्र यांपैकी एकाही कामाला आम्ही सुरुवातीला पाठिंबा दिला नाही, असे झालेले नाही. ‘विकासाला आमचा विरोध नाही’ असा रबरी शिक्काच आम्ही करून घेतला आहे. वेळ वाचतो.

कॉलनीत बासष्ट घरे आहेत. प्रत्येक घरात तळमजल्यावर मालक राहतो आणि वरच्या मजल्यांवर डॉक्टर होण्यासाठी लातूरला आलेली मुले-मुली राहतात. अशी एकूण अकराशे चाळीस आहेत. आमचे खजिनदार महांतेश यांच्या एकट्याच्या घरात चौऱ्याऐंशी आहेत, न्हाणीघरे सहा. मध्यभागी कॉलनीची मोकळी जागा आहे. सरकारदप्तरी ती सर्व्हे नंबर ११४ पैकी म्हणून ओळखली जाते, आम्ही तिला गार्डन म्हणतो. गार्डनमध्ये एक सुबाभूळ, घरे बांधताना उरलेला राडारोडा, हंगामात अध्यक्ष चंद्रप्पा अण्णांची (आडत व्यापारी) ताडपत्रीखाली झाकलेली रिकामी पोती आणि ‘नियोजित शिवमंदिर’ ही पाटी आहे. पाटी एकोणीस वर्षांपूर्वीची. मंदिर बांधले तर लग्नाचा मांडव घालायला जागा उरणार नाही, म्हणून देवाने तूर्त नियोजित राहावे असे ठरले आहे.

याच पाटीवर मार्चमध्ये कोणीतरी सरकारी नोटीस चिकटवली. बेघर कुटुंबांसाठी छत्तीस घरकुले प्रस्तावित असून हरकती व सूचना तीस दिवसांत नोंदवाव्यात.

त्याच दिवशी अण्णांच्या पोर्चमध्ये सभा झाली. अण्णा मोठ्या मनाचे गृहस्थ आहेत. ते म्हणाले, “गरिबाला घर मिळालंच पायजे. माझं तर म्हननं हाय, चांगलं ऐसपैस मिळू द्या. अन् ऐसपैस म्हनलं की जागा लई लागती. ती हितं न्हाई. मंग आपून गरिबाचं नुकसान कामून करावं?”

हा मुद्दा बिनतोड होता. ठराव क्रमांक एक, घरकुल योजनेस तत्त्वतः पाठिंबा, टाळ्यांच्या गजरात मंजूर झाला. ठराव क्रमांक दोन, सदर योजनेस प्रत्यक्षात हरकत, सह्यांनिशी मंजूर झाला. हरकत लिहिण्याचे काम सचिव या नात्याने माझ्याकडे, म्हणजे मल्लिनाथ सरांकडे आले. माझे अक्षर वळणदार आहे आणि मी अठ्ठावीस वर्षे नागरिकशास्त्र शिकवले आहे.

आता जरा घरचे सांगतो. आमच्याकडे भांडी-फरशीला एक मावशी येतात. नऊ वर्षे झाली. रेल्वे रुळापलीकडे त्यांचे पत्र्याचे खोपट आहे, तिथून रोज चार किलोमीटर चालत येतात. आमच्यासकट कॉलनीतली पाच घरे करतात आणि चालत परत जातात. गेल्या वैशाखात वावटळीने पत्रे उडाले, ते त्यांनी दोन शेतांपलीकडून उचलून आणले आणि वर दगड ठेवून पुन्हा बसवले. त्या दिवशीसुद्धा खाडा केला नाही. माझ्या पत्नीला, सुकन्याला, चिकुनगुनिया झाला तेव्हा मावशींनीच तिला बावीस दिवस उठवले-बसवले. आम्ही त्यांना अगदी घरच्यासारखे मानतो. (त्यांचा चहाचा कप वेगळा आहे, पण तो आम्हीच आणून दिलेला आहे.)

मी हरकती लिहायला बसलो होतो, तेव्हा मावशी हात पुसत दारात येऊन उभ्या राहिल्या.

“सर, घरकुलात माझा नंबर लागला. सतरावा.”

“लई चांगलं झालं मावशी,” सुकन्या आतून म्हणाली, आणि तिने बाहेर येऊन त्यांच्या हातावर गुळाचा खडा ठेवला. मलाही मनापासून आनंद झाला. ठराव क्रमांक एकच्या वेळी झाला होता तसाच.

“ह्या कागदावर जागा कुठली लिव्हलीया, तेवढं वाचून सांगता का सर? आमच्याकडं कुनी म्हनतंय लांब हाय, कुनी म्हनतंय जवळ हाय.”

माझा हात नवव्या हरकतीत गुंतला होता. मी म्हणालो, “नंतर बघू मावशी, गडबडीत हाय.”

“हाव सर. काय घाई न्हाई.” त्यांनी कागद पुन्हा दुधाच्या रिकाम्या पिशवीत गुंडाळला. “जवळ असंल तर लई बरं व्हईल. गुडघे आता नगं म्हनून राहिलेत.”

त्या पुढच्या घरी गेल्या आणि मी हरकत पूर्ण केली. एकूण चौदा झाल्या. सगळ्या इथे देत नाही, नमुन्यादाखल काही देतो.

हरकत पहिली: छत्तीस कुटुंबांमुळे परिसरात असह्य गर्दी होईल. (अकराशे चाळीस विद्यार्थ्यांची गर्दी होत नाही. ते अभ्यास करत असतात.)

हरकत चौथी: पाण्यावर ताण येईल. जे पाणी येत नाही, त्यात आणखी छत्तीस वाटेकरी झाल्यास आमच्या वाट्याला न येणारे पाणी आणखी कमी होईल. हे गणित महांतेश यांनी मांडले. त्यांच्याकडे सातशे फुटांचे दोन बोअर आहेत, त्यामुळे या विषयात त्यांचा अधिकार मोठा आहे.

हरकत सहावी: चोऱ्या वाढतील. कॉलनीत आजवर तीन चोऱ्या झाल्या. दोन घरच्याच लोकांनी केल्याचे निघाले आणि तिसरीचा तपास त्याच भीतीने थांबवण्यात आला. ही परंपरा बाहेरच्यांनी मोडू नये अशी भावना आहे.

हरकत नववी: नियोजित देवस्थानाच्या नियोजित भक्तांच्या भावना दुखावतील.

तेरावी हरकत मात्र माझी स्वतःची, आणि तीच पुढे कामाला आली. लाभार्थ्यांची यादी आमच्या सभेत वाचली गेली होती. आडनावे ऐकताना सभेत काही काळ शांतता पसरली. (ही शांतता इतिवृत्तात घेतलेली नाही. जे कोणी बोलले नाही ते लिहिता येत नाही.) त्या शांततेचे मी कायदेशीर मराठीत रूपांतर केले: ‘सदर लाभार्थी हे परिसरातील रहिवाशांना सर्वस्वी अनोळखी असून त्यांचा या वसाहतीशी कोणत्याही प्रकारचा संबंध नाही.’

सुनावणी एका मंगळवारी सकाळी अकराला ठेवली होती. आम्ही सहाजण इस्त्रीचे कपडे घालून गेलो. लाभार्थ्यांनाही बोलावले होते. त्यांतले कोणीच आले नाही, यावरून त्यांना घराची किती गरज आहे ते दिसून आले. (सकाळी अकरा ही भांड्यांची वेळ असते, हे नंतर लक्षात आले.)

अधिकारी मॅडम तरुण होत्या, पण शांत होत्या. चौदापैकी तेरा हरकती त्यांनी पानही न उलटता बाजूला ठेवल्या. फक्त तेराव्या क्रमांकाच्या हरकतीपाशी थांबल्या. म्हणाल्या, ज्यांचे पोट ज्या भागात भरते त्यांना शक्यतो त्याच भागात घर द्यावे असा नियम आहे. तेव्हा हे अनोळखी आहेत की नाहीत ते एकदा नीट बघू. आणि त्यांनी छत्तीस नावे एकेक करून मोठ्याने वाचली. प्रत्येक नावानंतर त्या आमच्याकडे बघत होत्या. केवळाबाई अमुक. रत्नम्मा तमुक. सतरावे, चतुराबाई दगडोबा लोंढे. शेवटी त्यांनी विचारले, “यातल्या कोणालाच ओळखत नाही तुम्ही?”

“न्हाई मॅडम,” अण्णा म्हणाले. “एकालाबी न्हाई. द्येवाशपथ.”

मॅडमनी हे लेखी मागितले. मी तिथेच वळणदार अक्षरात लिहून दिले आणि सहाजणांनी सह्या केल्या. आम्ही खोटे बोलत असतो तर ते चेहऱ्यावर दिसले असते. आम्ही खरे बोलत होतो.

पंधरा दिवसांत आदेश निघाला. लाभार्थ्यांचा परिसराशी संबंध नसल्याचे रहिवाशांनी लेखी दिल्यामुळे घरकुले मुरुडच्या बाजूला, खडी केंद्राच्या पलीकडे, अकरा किलोमीटरवर हलवण्यात आली. गार्डनमध्ये मांडव घालून विजयाचे जेवण झाले. माझा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला आणि अण्णांनी तेरावी हरकत मोठ्याने वाचून दाखवली. दीडशे ताटे उठली. ती घासायला कॉलनीतल्या सगळ्या मावशींना बोलावले होते आणि त्यांनी रीतीप्रमाणे घासली.

दुसऱ्या आठवड्यात आमच्या मावशी कामाला आल्या, पण पदर खोचला नाही.

“बाई, पुढल्या महिन्यापसून न्हाई जमायचं. घर भेटलं, पर लई लांब. दोन गाड्या बदलायच्या, अन् गाडी म्हनं दिसातून दोनदा.”

“अहो, मग घेऊ नका ते घर,” सुकन्या म्हणाली. ती मनाने फार हळवी आहे. “आमचं कसं व्हायचं?”

“रुळापल्याडचं खोपट पाडनार हायत, बाई. न्हाई घेतलं तर कुठं जाऊ?” मग त्या माझ्याकडे वळल्या. “सर, आदी घर हितंच भेटनार हुतं म्हनं. तुमच्या त्या गार्डनात. कुनीतरी लिहून दिलं, आमी ह्यांला वळखत न्हाई म्हनून. तुमचं अक्षर चांगलं हाय. एक अर्ज लिहून द्या. म्हनावं, कुनी लिव्हलंय ते एकदा समोर येऊन सांगू द्या.”

सवयीप्रमाणे मी कोरा कागद घेतला. ‘अर्जदार’ असे लिहिले, पुढे दोन टिंबे दिली आणि विचारले, “मावशी, तुमचं पूर्ण नाव काय?”

त्यांनी सांगितले. चतुराबाई दगडोबा लोंढे. अगदी मॅडमनी उच्चारले होते तसेच.

सुकन्याने माझ्याकडे पाहिले नाही. ती आत गेली आणि तिने नळ सोडला, जो कोरडा होता. मी पेनाचे टोपण लावले. मला लाज वाटली. हे मी इतिवृत्तात घेतलेले नाही.

अर्ज मी लिहिला नाही. हरकत आणि त्या हरकतीवरची तक्रार एकाच अक्षरात आली तर कार्यालयाचा गोंधळ होईल, आणि कार्यालयाचा गोंधळ करणे नागरिकशास्त्रात बसत नाही. “बघतो मावशी,” म्हणालो. त्या म्हणाल्या, “हाव सर,” आणि महिना भरायला अजून चार दिवस होते म्हणून फरशी पुसायला बसल्या. एका हाताने गुडघा धरून.

पुढे चौकशीअंती असे आढळले की छत्तीसपैकी पंधराजणी आमच्याच कॉलनीत कामाला होत्या. आठजणी त्या सहा सह्या करणाऱ्यांच्या घरी होत्या. महांतेश यांच्याकडच्या चौऱ्याऐंशी मुलांच्या पोळ्या लाटणाऱ्या मावशी यादीत चौथ्या होत्या. अण्णांच्या आईला रोज अंघोळ घालणाऱ्या मावशी बाविसाव्या. पुढल्या महिन्यात पंधराही गेल्या. कॉलनीने तातडीची सभा घेऊन नवे निवेदन दिले: कष्टकरी महिलांची घरे त्यांच्या कामाच्या ठिकाणाजवळच असणे ही सामाजिक न्यायाची गरज आहे, सबब शेजारच्या कॉलनीतील मोकळ्या जागेचा विचार व्हावा. खाली आमचा शिक्का मारला. शेजारच्या कॉलनीने ठराव क्रमांक एक लगेच मंजूर केल्याचे समजते.

आमच्या सहाजणांबद्दल आता वाचकांचे काय मत झाले असेल, याची मला कल्पना आहे. सुसंस्कृत माणसाचे व्हायला हवे तेच झाले असणार. या मताची रीतसर नोंद घेण्यात येईल, त्यासाठी फक्त खालील माहिती भरून द्यावी.

आज सकाळचा तुमचा चहाचा कप ज्यांनी विसळला, त्यांचे पूर्ण नाव, पतीचे किंवा वडिलांचे नाव व आडनावासह: ....................

‘मावशी’, ‘कामवाल्या ताई’ किंवा ‘आमच्या बाई’ असे लिहिलेले ग्राह्य धरले जाणार नाही. आत जाऊन विचारून येऊ नये. नाव आठवत नसल्यास रकाना कोरा सोडून खाली फक्त सही करावी. ती आमच्या सहा सह्यांच्या खाली नोंदवून घेतली जाईल, सातवी.