रूपाबाईच्या घरातून निघालेला बाण

डोंगरकडा गावाजवळच्या तांड्यावरची नेमसिंगची मिना बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला होती आणि सोमवारी तिचा रसायनशास्त्राचा पेपर होता. याच पेपरात ती एकदा नापास झाली होती. पुन्हा झाली की वर्ष गेलंच. घोडं अडलं होतं एका बाणापाशी. दोन रसायनांची गाठ पडली की इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात हे वाकड्या बाणानं दाखवायचं असतं, आणि मिनाचा बाण हटकून उलटा पडायचा. सरांनी लाल शाईनं बाण सुलटे करून करून तिची वही रंगपंचमीची केली होती.

शनिवारी सकाळी वहीची पानं संपली. मिनानं खडू उचलला आणि आईनं नुकत्याच सारवलेल्या भिंतीवर अभिक्रियेची पहिली पायरी काढली: एक षटकोन, चार अक्षरं, एक बाण. तेवढ्यात शेजारची नर्मदाबाई येऊन उभी राहिली. गेल्या साली पलीकडच्या तांड्यावर साहेबलोकांनी भिंतींवर अशाच खुणा केल्या होत्या आणि मागोमाग तिथं घरकुलं मंजूर झाली होती. हा अभ्यास आहे, असं मिनानं परोपरीनं सांगितलं. पण शिकलेली पोरगी सारवलेली भिंत उगाच कशाला खराब करील, हे नर्मदाबाईचं म्हणणं तांड्याला पटलं. तासाभरात 'आमच्याबी भिंतीवर काढ' म्हणत दारात गर्दी जमली. अभिक्रियेच्या चांगल्या सहा पायऱ्या होत्या. तेवढाच सराव होईल म्हणून मिना खडू घेऊन निघाली.

दुसरी पायरी लांबलचक. ती खेमाच्या कुडाच्या झोपडीवर सुरू झाली आणि त्याला खेटून असलेल्या रूपाबाईच्या विटांच्या घरावर संपली. कार्बन खेमाकडे, ऑक्सिजन रूपाबाईकडे. मिनानं कार्बनपासून ऑक्सिजनपर्यंत झोकदार बाण काढला. खेमानं बाणाच्या शेपटापासून टोकापर्यंत बोट फिरवलं.

"मिना, माझ्या घरी पोत्यात दाणा न्हाई," तो म्हणाला, "अन् तू माझ्याच घरातून काढून तिच्या घरात घालून राहिली? ज्याच्याजवळ हाय त्याच्याकडून काढ की."

मिनानं दोन्ही अक्षरं पुन्हा न्याहाळली. कार्बनजवळ इलेक्ट्रॉनची वानवा; ऑक्सिजनजवळ दोन जास्तीचे. तिनं पुस्तक उघडलं, तर तिथं बाण ऑक्सिजनपासूनच निघालेला. वर्षभर डोक्यात न शिरलेली गोष्ट खेमानं दोन वाक्यांत शिरवली होती. तिला इतका आनंद झाला की खेमाला वाकून नमस्कार करूनच तिनं ओढणीनं बाण पुसला आणि उलटा काढला.

रूपाबाई पाणी भरून आली आणि तिनं तो पाहिला. ती भांडली नाही. हंडा ठेवला, तशीच डोंगरकड्याला गेली आणि दुपारी ग्रामसेवकालाच घेऊन आली. त्याच्या पिशवीत घरकुलांची खरी यादी होती, त्यामुळे सगळा तांडा गोळा झाला. सरकारी कामात ढवळाढवळ केली म्हणून आपल्याला नेतात की काय, या भीतीनं मिनानं खडू ओढणीत लपवला. ग्रामसेवकानं भिंत नीट न्याहाळली आणि बाण असा का, एवढंच विचारलं.

दुपारी येताना पुस्तक घरी राहिलं होतं. मिना म्हणाली, "साहेब, बाण आपल्या मनानं काढता येत न्हाई. ज्याच्याजवळ जास्तीचं हाय त्याच्यापासून निघतो, कमी हाय त्याच्याकडं जातो. इथं जास्तीचं रूपामावशीजवळ हाय."

सगळ्या माना रूपाबाईकडे वळल्या. चारचौघांत असं आजवर तिला कुणी म्हटलं नव्हतं. तिनं पदर सावरला.

"हाय की. खोटं काहून बोलू? विटाच्या भिंती हायेत, वर पत्रा हाय, दोन म्हशी हायेत," ती म्हणाली. "पण मंग असा सुतावानी बाण काहून काढला? जरा जाड काढ."

मिनानं जाड काढला. ग्रामसेवकानं यादी बाहेर काढली, रूपाबाईच्या नावावर शांतपणे रेघ मारली आणि तिथं खेमाचं नाव लिहिलं.

सोमवारी पेपरात हीच अभिक्रिया आली. मिनानं सहाही पायऱ्या न अडखळता लिहिल्या. दुसऱ्या पायरीचा बाण मात्र तिनं तीनदा गिरवला.