काकूंनी आणलेली नवी पिढी

गेम तयार करणाऱ्या त्या चार माणसांच्या कंपनीत नव्या पिढीचं गेमिंग कन्सोल आणायचं काम काकूंवर पडलं, कारण बाकी तिघांना मान वर करायला फुरसत नव्हती. काकू ऑफिस सांभाळत. दुकानात एकाच कंपनीची दोन कन्सोल शेजारी मांडली होती. एक ट्रंकेसारखं धिप्पाड, दुसरं पाटीसारखं सडपातळ. फोन काय, टीव्ही काय, नवं होईल तसं बारीकच होत गेलेलं काकूंनी पाहिलं होतं. त्यांनी सडपातळ उचललं, आणि ऑफिसात आल्यावर त्याचं खोकं आणि माहितीपत्रक शिस्तीत रद्दीत टाकलं.

कुणाला शंका आली नाही. बारकी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरने तर कन्सोलवर हात ठेवून त्यामागचं शास्त्रही सांगितलं. चिपवरची नक्षी आता पूर्वीपेक्षा बारीक कोरता येते. म्हणून चिप लहान, ती तापतेही कमी, मग पंखा लहान आणि खोकंही लहान. साहेबांना हे पटलं.

तीन महिन्यांनी गेम बाजारात आणणाऱ्या प्रकाशक बाईंसमोर गेम दाखवायचा होता. कन्सोलबरोबर एकच गेम दिला जाणार होता आणि निवडीत दोनच कंपन्या उरल्या होत्या. एक ही, दुसरी समोरच्या इमारतीतली तीस माणसांची. गेम नाकारला गेला, तर इथे कुलूप लागणार हे ठरलेलं होतं.

गेममध्ये तीनशे मेंढ्या टेकडीवरून हाकत खाली आणायच्या होत्या. चित्रकार ताईंनी एकेका मेंढीवर जीव ओतून लोकर काढली होती. आणलेल्या कन्सोलवर पहिल्याच दिवशी मेंढ्या फाटकापाशी आल्या आणि एक पाय हवेत धरून थिजल्या.

"यंत्र एवढं नवं आहे," साहेब म्हणाले. "खोट आपल्यातच असणार."

बारकीने मेंढ्या भादरायला घेतल्या. आधी पोटाखालची लोकर गेली, मग पाठीवरची. तरी कळप अडेच. मग गवत विरळ झालं, सावल्या आखूड झाल्या, ढग एकावर आला. ताईंनी तिच्याशी बोलणं टाकलं. काही सांगायचं झालं तर काकूंमार्फत सांगू लागल्या. बारकीने प्रोग्राममधल्या हिशेबाची ओळ न् ओळ पिळून काढली, आणि आठवडा उरला असताना तीनशेच्या तीनशे मेंढ्या पाण्यासारख्या वाहत फाटकातून गेल्या.

ठरल्या दिवशी चौघं पोहोचले. कन्सोल काकूंच्या मांडीवर टॉवेलमध्ये गुंडाळलेलं. समोरच्या टेबलावर ते ट्रंकेएवढं धूड बघून बारकीने हळूच विचारलं, हे कुठलं जुनं मॉडेल.

"ही नवी पिढी," प्रकाशक बाई म्हणाल्या. "नक्षी बारीक झाली म्हणून तेवढ्याच जागेत कितीतरी जास्त भरलं. तापतं फार, म्हणून एवढं मोठं. टॉवेलमधून डोकावतंय त्या तुमच्या कन्सोलमध्ये जुनीच चिप आहे. तीच नव्या पद्धतीने लहान करून बनवली, म्हणून ते सडपातळ झालंय."

 म्हणजे नऊ वर्षांपूर्वीच्या ताकदीवर सगळ्यांनी तीन महिने घासले होते. काकूंनी टॉवेल पुन्हा नीट गुंडाळला आणि त्या खिडकीबाहेर बघू लागल्या.

आधी समोरच्या कंपनीचा गेम लागला. नव्या कन्सोलवर तो इतका देखणा दिसला, की चित्रकार ताईंचे डोळे भरून आले. मग बाई म्हणाल्या की अजून तीनातल्या दोन घरांत जुनंच कन्सोल आहे, तिथेही हाच गेम विकायचाय, तेव्हा त्यावरही दाखवा. जुन्यावर त्यांचा नायक दोन पावलं चालला आणि जमिनीत कमरेपर्यंत रुतला. तीस माणसांपैकी कुणीही ते जुनं कन्सोल हातात धरलेलं नव्हतं.

मग काकूंचा टॉवेल सुटला. मेंढ्या आल्या, वळल्या, कुठेही न अडखळता खाली उतरल्या. नव्या कन्सोलवर तर तो गेम इतका हलका झाला, की बारकीने बसल्या जागी आकडा बदलून तीनशेच्या तीन हजार केल्या. टेकडी पांढरी झाली. बाई खुर्चीतून उठून पडद्याजवळ गेल्या आणि तिथेच उभ्या राहून त्यांनी होकार देऊन टाकला. ताईंनी बारकीच्या पाठीवर थाप मारली आणि तीन महिन्यांत पहिल्यांदा तिला थेट सांगितलं, की भादरलेल्या मेंढ्याच जास्त गोड दिसतात.

चहाच्या वेळी समोरच्या कंपनीचे मालक साहेबांना कोपऱ्यात घेऊन गेले. गेम आधी जुन्या चिपवर बसवायची ही चाल कुणाची, असं त्यांनी आवाज खाली आणून विचारलं. साहेबांनी क्षणभर स्वतःचंच नाव सांगायचा विचार केला. पण ते सरळ माणूस होते. त्यांनी काकूंकडे बोट दाखवलं.

मालक अदबीने काकूंसमोर जाऊन बसले. पुढच्या पिढीच्या वेळी नेमकं काय बघावं, असं त्यांनी विचारलं.

काकूंनी बिस्किट खाली ठेवलं, थोडा विचार केला.

"फडक्याने पुसायला सोपं कुठलं पडेल, ते बघायचं," त्या म्हणाल्या.

मालकांनी खिशातून वही काढली, ते लिहून घेतलं आणि खाली दोन रेघा मारल्या.