कांदाभजी लाइव्ह

कॅमेऱ्यासमोर गडबडणारा माणूस मी नाही. ओझरला आमच्या कंपनीच्या स्नेहसंमेलनाचं सूत्रसंचालन दरवर्षी माझ्याकडेच असतं. त्यामुळे एका चॅनेलची मंडळी आमच्या सिडकोतल्या घरी येणार म्हटल्यावर मी बायकोला सांगून टाकलं, "निकिता, तू फक्त खेळ. बाकीचं मी बघतो."

मोबाइलवरच्या लढाईच्या खेळात निकिताची टीम राज्यात पहिली आली होती. खेळात तिचं नाव 'कांदाभजी'. चॅनेलला तेवढंच ठाऊक.

वार्ताहर आत आला आणि त्याने थेट माझा हात धरला. "अभिनंदन, कांदाभजी सर."

"मी नाही, ही."

त्याने निकिताकडे पाहिलं, मग घड्याळाकडे. "वहिनी खेळतात? छान. पण आमचं ठरलंय हो. अंधारी खोली, एकलकोंडा तरुण, वैतागलेली बायको. लोकांना गेमर तसाच लागतो. आता लाइव्ह जायचंय. सर, तुम्ही नुसतं बसा."

मी बेचाळीस वर्षांचा. तरुण म्हटल्यावर जरा बरं वाटलं.

"बसा ना," निकिता म्हणाली. "बघू किती वेळ टिकता."

पडदे ओढले गेले. तिचा मोबाइल माझ्या हातात आला. प्रेक्षकांना ऐकू जावं म्हणून स्पीकर मोठा केला आणि लाइव्ह सुरू झालं. मी पहिला बॉम्ब आमच्याच टीमवर टाकला. मग पळताना नदीत पडलो आणि तिथेच गोल गोल फिरत राहिलो, गाळात रुतलेल्या म्हशीसारखा.

टीममधला सुरगाण्याचा चंदर स्पीकरवर बोलू लागला. "ताई, बरं नाय का तुम्हाला?"

"ताई?" वार्ताहर पुटपुटला.

"ताई, फोन भाऊजींकडं तर नाय ना दिला?"

हे महाराष्ट्रभर ऐकू गेलं.

निकिता उठली. तिने पडदे उघडले, मला खुर्चीतून उठवलं आणि मोबाइल घेतला. "चंदर, लपून राहा. आले मी." मग मेथी निवडावी तसे तिने एकेक शत्रू वेचून काढले.

वार्ताहर सावरला. "तर प्रेक्षकहो, घरकाम सांभाळून एक गृहिणीसुद्धा... वहिनी, जरा लाटणं घेता का हातात?"

"लाटणं यांचं," ती नजर न हलवता म्हणाली. "पोळ्या हे करतात."

कॅमेरा माझ्याकडे वळला. कणीक मळलेलीच होती. मी ओट्यापाशी गेलो आणि लाटायला लागलो. वार्ताहराने विचारलं, "सर, कसं वाटतंय?" मी गडबडून तव्यावरची पोळी उलटली. तेवढ्यात बाहेरच्या खोलीतून, स्पीकरवर चंदर ओरडला, "जिंकलो, ताई!" आणि कॅमेरा मला सोडून धावत सुटला. संध्याकाळच्या बातम्यांत निकिता झळकली, तिच्या पूर्ण नावानिशी. मला अभिमान वाटला, खोटं कशाला बोलू.

लगेच लासलगावहून आईचा फोन आला.

"सून लय भारी खेळली रे," आई म्हणाली. मग थोडं थांबून, "पण पोळी उलटायची घाई केलीस. कच्ची राहिली ती."